बाबांची हो-नाहीची वही

आमच्या घरात दोन वह्या होत्या. एक वाण्याची, ती आईकडे असायची. दुसरी लाल कापडी बांधणीची, लांबट, पेढीवर असते तशी. ती बाबांची. बाबा पेंटर होते. रामबागेतल्या घराची ओसरी हेच त्यांचं दुकान. नोकरी त्यांनी आयुष्यात केली नाही. पाट्या, नाटकाचे पडदे, लग्नपत्रिका, फोटोवरून पोर्ट्रेट, गणपतीतल्या मिलच्या झांक्या, जे काम चालून येईल ते. येईल ते सगळं घ्यायचे असं मात्र नाही. वहीत तारीख, पार्टी, काम, बयाणा (पुण्याकडे विसार म्हणतात तो) असे रकाने होते, आणि शेवटी दोन अरुंद रकाने. एकात फक्त 'हो' किंवा 'नाही'. दुसऱ्यात कारण, तेही चार-सहा शब्दांत.

परवा मुलीचा पुण्याहून फोन आला. ती चित्रं काढते, बाबांसारखीच कुणाच्या नोकरीत नाही. म्हणाली, "बाबा, एक काम आलंय. पैसे नेहमीच्या तिप्पट. घेऊ का?" काम कसलं ते पुढे सांगतो. मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब, आणि वही काढून बसलो. बसलो तो दोन दिवस बसूनच राहिलो. इंदूरच्या जुन्या चित्रकारांबद्दल, कलावंतांबद्दल आपण अभिमानाने बोलतो, पण त्यांनी कुठली कामं घेतली आणि कुठली सोडली याबद्दल फारसं बोलत नाही. म्हणून हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी वहीतले काही नमुने.

"सिनेमा बॅनर – नाही – शुक्रवार." याचा अर्थ मला मोठेपणी कळला. सिनेमा शुक्रवारी लागतो, म्हणजे बॅनर गुरुवारी रात्री चढलाच पाहिजे. त्या एका शुक्रवारापायी दुसऱ्या चार माणसांना दिलेले शब्द मोडतात.

"कै. वडिलांचं पोर्ट्रेट – नाही – दोन भावांत वाद, नाक कुणाचं काढू?"

"नाटकाचा पडदा – हो – पैसे मिळणार नाहीत, माहीत आहे."

"निवडणूक, भिंती, दोन्ही पक्ष – हो – रोख आगाऊ." यावर बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. निवडणुकीनंतर हरलेला देत नाही आणि जिंकलेला भेटत नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, पेंटर माणूस, पोटापुरता हिशेबी. पण बाबा साध्या मास्तरांच्या हाताखाली शिकलेले नव्हते. ते इंदूरच्या चित्रशाळेचे विद्यार्थी. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये होळकरांच्या राज्यात ही शाळा सुरू केली. देवळालीकर स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूलचे. त्यांच्या पहिल्या काही वर्षांतल्या मुलांची नावं बघा: नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर, देवकृष्ण जटाशंकर जोशी. एका शहरातल्या एका शाळेने, तेही मुंबई-कलकत्त्यापासून इतक्या दूर, हे सगळे द्यावेत याचं मला अजून नवल वाटतं. बाबा खूप नंतरचे. तरी त्या शाळेत नाव घातलं म्हणजे त्या सावलीत राहणं आलंच.

आता हुसेन. पंढरपूरला जन्म, लहानपण इंदुरात. मुंबईला गेल्यावर त्यांनी सिनेमाचे फलक रंगवले हे सर्वांना माहीत आहे, आणि ते सांगताना आपण "बिचारा, काय दिवस काढले" असा सूर लावतो. मला हा सूर पटत नाही. फलकाचं काम चौरस फुटावर मोजून मिळायचं, परातींवर चढून करायचं, आणि रस्त्यापलीकडून दिसेल अशी रेघ एका दमात ओढायची. पुढे हुसेनचा घोडा ज्या हिमतीने कॅनव्हासच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतो, ती हिंमत मला त्या परातींवर दिसते. फलकांनंतर त्यांनी फर्निचरची आणि मुलांच्या खेळण्यांची डिझाइनंही केली. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह गटात सामील होईपर्यंत ही कामं चालू होती. त्यांनी कुठलं काम हलकं म्हणून सोडल्याचं दिसत नाही. मात्र फलकावर सही नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेंद्रे इंदूरचेच, १९१० सालचे. इथे शिकून परीक्षा मुंबईला दिली, १९३४ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक मिळवलं, आणि मग काश्मीरच्या पर्यटक खात्यासाठी चित्रं काढायला गेले. म्हणजे आजच्या भाषेत जाहिरातीचंच काम. प्रवाशांनी यावं म्हणून डोंगर रंगवायचे. पण उघड्यावर बसून समोरचं निसर्गचित्र झरझर उतरवणं ही तर इंदूर शाळेची ओळखच. हाताला हवं होतं तेच काम पोटालाही मिळालं. असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. नंतर बडोद्याला त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, डीन झाले, आणि १९६६ मध्ये तेही सोडून मुंबईला फक्त चित्रं काढायला आले.

चित्रकारांपुरतंच कशाला बोलायचं? लताबाईंचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. हे आपण प्रत्येक पाहुण्याला एकदा ऐकवतोच. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्या तेरा वर्षांच्याही नव्हत्या. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या. अभिनय आवडत नव्हता हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. घर चालवायचं होतं म्हणून घेतलेलं काम, आणि गाण्यावर घर चालू लागताच सोडलेलं काम. त्यात नाटकीपणा नाही, फक्त क्रम आहे.

पण गाण्यातही एक गोष्ट त्यांना खटकत होती. १९४९ च्या 'महल'मधलं ते गाजलेलं गाणं ज्या तबकडीवर निघालं, तिच्यावर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. गाणाऱ्या बाईला मजुरी मिळाली, नाव नाही. नाव यावं म्हणून लताबाईंनी पुढे आग्रह धरला. १९५७ मध्ये फिल्मफेअरच्या समारंभात गायला त्यांनी नकार दिला. संगीतकाराला पारितोषिक आहे, मग गाणाऱ्याला का नाही, हा त्यांचा सवाल होता. १९५९ पासून पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं 'मधुमती'साठी त्यांनाच मिळालं. एका संध्याकाळचा तो नकार, पण नंतरच्या प्रत्येक गायकाला उपयोगी पडला.

उस्ताद अमीर खाँसाहेब आपल्या शहराचे. ख्याल गाणारा इतका गंभीर माणूस सिनेमाच्या वाटेला जाणार नाही असं कुणालाही वाटेल. पण 'बैजू बावरा'साठी ते नौशादांकडे गायले, द. वि. पलुसकरांसोबत. वसंत देसाईंसाठी 'झनक झनक पायल बाजे'चं शीर्षकगीत गायले. बेतानेच गायले, आणि ख्याल गाताना गळा जसा ठेवत तसाच ठेवून गायले. देवासचे कुमारजी बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' नाटकासाठी गायले ते आपल्या घराघरांत रेडिओवर वाजत होतंच. तेव्हा "मोठे कलावंत बाजारू काम घेत नाहीत" हे आपलं आवडतं वाक्य इतिहासात टिकत नाही. घेत होते. कुठल्या अटीवर, एवढाच प्रश्न होता.

चिंचाळकर गुरुजींची गोष्ट वेगळी, आणि तिथेच बाबा थोडे चिडायचे. गुरुजी पोर्ट्रेट आणि निसर्गचित्रं इतकी तयारीची काढत की त्यावर आयुष्य आरामात गेलं असतं. त्यांनी ते हळूहळू बाजूला ठेवलं आणि वाळकी पानं, मुळ्या, चिंध्या, मोडक्या वस्तू यांत आकार शोधू लागले. मुलांना अक्षरं आणि अंक बघायला शिकवणारं त्यांचं 'खुलते अक्षर खिलते अंक' ज्यांनी लहानपणी हाताळलं असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. राहुल बारपुते, बाबा डिके, कुमारजी आणि गुरुजी या चौघांच्या मैत्रीने इंदूर-देवासच्या दोन पिढ्यांना कान आणि डोळे दिले. २००० साली गुरुजी गेले. बाबांना गुरुजींबद्दल अपार आदर, पण एकदा ब्रश धुताना म्हणाले, "त्यांनी सोडलं. मी सोडलं तर तुझ्या आईची वही वाढेल." मला तेव्हा हे बोलणं कडू वाटलं होतं. आज वाटतं, त्यात मत्सर नव्हता, फक्त आकडेमोड होती.

आता मुख्य गोष्ट.

इंदूरच्या बाहेरच्या नातलगांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी, एकेका मिलच्या दोन-तीन, दिव्यांनी लखलखलेल्या, हलत्या पुतळ्यांच्या. पुढे आखाडे, लाठी-तलवारीचे हात. जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा, रात्रभर शहर रस्त्यावर. या परंपरेची नुकतीच शंभरी झाली. पेंटर लोकांसाठी हा वर्षातला मोठा हंगाम. बाबा एका मिलच्या झांकीचे मागचे देखावे आणि चेहरे वीसेक वर्षं रंगवत होते. वहीत दर श्रावणात एक ओळ: "झांकी – हो." कारणाचा रकाना भरलेला नसायचा. त्याला कारण लागत नव्हतं.

मग गिरण्या बंद पडत गेल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली, हजारो कामगार एका दिवसात घरी बसले. बाबांची मिल कुठली ते लिहीत नाही, पण तिचीही गत तीच. १९९२ च्या श्रावणात तीन कामगार आमच्या ओसरीवर आले. त्यातल्या एका जॉबरकाकांना मी लहानपणापासून ओळखत होतो. चपला बाहेर काढून, कधी नव्हे ते सतरंजीच्या कडेला बसले. म्हणाले, "पेंटरसाहेब, मिल बंद आहे, गणपती बंद नाही. चंदा जमा करून राहिलो आहोत. तुमचं मात्र यंदा..." पुढचं बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात दुसरी पार्टी आली होती. एक फायनान्स कंपनी. काही वर्षांत पैसे दुप्पट. इंदूर ते देवास ए. बी. रोडच्या दोन्ही बाजूंना चाळीस भिंती, पिवळ्यावर निळी अक्षरं, नवरात्राच्या आत. पावसात भिंत ओली, रंग धरत नाही, म्हणून बाबा टाळू लागले तर त्यांनी दर वाढवला. निम्मे पैसे रोख आगाऊ.

मी त्या वर्षी मुंबईला अप्लाइड आर्टला गेलो होतो. फी, हॉस्टेल, रंगांचं सामान, कागद. सामान तर फीपेक्षा महाग.

वहीत त्या तारखेला दोन ओळी आहेत. "भिंती ४० – हो – मुलाचं वर्ष." आणि खाली, "झांकी – नाही." कारणाचा रकाना पुन्हा कोरा. पण हा कोरेपणा आधीच्या वीस वर्षांसारखा नाही, हे अक्षरावरून कळतं. 'नाही'च्या वेलांटीपाशी टाक अडखळलाय.

गणपतीच्या सुट्टीत मी घरी आलो होतो. दरवर्षी आम्ही बापलेक जेल रोडच्या एका ओळखीच्या ओट्यावर जागा धरायचो. त्या वर्षी बाबा म्हणाले, "पाय दुखून राहिला आहे, तू जा." मी मित्रांबरोबर गेलो. त्यांच्या मिलची झांकी आली. लहान होती, दिवे कमी होते, आणि कृष्णाचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर होता. लोकांनी मात्र सगळ्यांत जास्त टाळ्या तिलाच वाजवल्या. घरी येऊन मी बाबांना डोळ्याचं सांगितलं. वीस वर्षांचा मूर्ख मी, मला वाटलं त्यांना बरं वाटेल. ते काही बोलले नाहीत, दिवा घालवून झोपले.

भिंती अप्रतिम झाल्या होत्या. बाबा खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारायचे आणि मग हात मोकळा सोडायचे. त्यांचं 'क्ष' आणि 'श्री' बघायला लोक स्कूटर थांबवत. पुढच्या वर्षी झांकीवाले पुन्हा आले, बाबांनी चेहरे फुकट रंगवून दिले, आणि नंतर दरवर्षी देत राहिले. जॉबरकाकांनी आधीच्या वर्षाचा विषय कधी काढला नाही. मला वाटलं, हिशेब मिटला.

मिटला नव्हता. नव्वदच्या दशकात अशा पैसे दुप्पट करणाऱ्या कंपन्यांचं देशभर पेव फुटलं होतं. एकामागून एक त्या बुडू लागल्यावर १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदाही बदलावा लागला. ती कंपनीही त्याच सुमारास एका सकाळी कुलूप लावून गेली. आमच्या शेजारच्या काकूंनी बांगड्या मोडून त्यात पैसे ठेवले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. काकू आईजवळ रडल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "बसमधून देवासला जाताना दर वेळी दिसायचं. तुमच्या ह्यांचीच अक्षरं. म्हटलं, कंपनी खरी असेल."

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं.

त्यानंतर वहीत एक नवा रकाना आला. त्याला मथळा नाही. त्यात एकेक माणूस लिहिलेला: "आया", "शेतकरी", "कॉलेजची मुलं". बराच काळ मला कळेना. मग उमगलं, तो वाचणारा आहे. काम कोण देतंय, किती देतंय, कधी देतंय एवढंच आधी लिहिलं जायचं. कोण वाचणार, आणि कशावर विश्वास ठेवून वाचणार, हे नव्हतं. मजुरी हाताची मिळते. हाताबरोबर जी पत जाते तिचे पैसे कुठल्याच बिलात नसतात. हुसेनच्या फलकावर सही नव्हती म्हणून सिनेमा पडला तर तो निर्मात्याचा पडला. बाबांच्या भिंतीवरही सही नव्हती, पण देवास रोडवर त्यांच्या अक्षराला सहीची गरज नव्हती. आणि लताबाई नावासाठी का अडून बसल्या तेही मला या बाजूने नव्याने दिसलं. पत आपली वापरली जाणार असेल तर नाव, अट आणि नकारसुद्धा आपलाच हवा.

नकाराने बाबा श्रीमंत झाले नाहीत हे सांगायला नको. दोन हजार साल ओलांडलं आणि फ्लेक्स आला. रात्रीत छापून सकाळी टांगलेला. हो-नाही विचारायलाच कुणी येईना. वहीची शेवटची पानं बहुतेक घरच्या दारांवरच्या नावांची आणि झांकीच्या चेहऱ्यांची आहेत. २००६ मध्ये बाबा गेले. डिसेंबर २०२३ मध्ये हुकुमचंद मिलच्या कामगारांचे २२४ कोटी अखेर वाटले गेले, बत्तीस वर्षांनी. बातमीतले म्हातारे चेहरे बघताना ओसरीवर सतरंजीच्या कडेला बसलेले ते तिघे आठवले. त्यांची मिल ती की दुसरी, त्याने काय फरक पडतो.

मुलीला आलेलं काम सांगायचं राहिलं. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारं एक ॲप आहे. त्याच्यासाठी एक गोड पात्र हवंय, हसरी खार, जी "घाबरू नका" म्हणेल. मुलगी खारी फार सुंदर काढते. मी तिला घे म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. तिच्या घराचं भाडं मी भरत नाही, आणि ज्या भिंतींवर माझं शिक्षण झालं त्यांच्याबद्दल तिला शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. मी तिला वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले. एक १९९२ चं. दुसरं १९९८ च्या उन्हाळ्यातलं. ते वाचून तिने लगेच फोन केला आणि कामाचं काही न बोलता एवढंच विचारलं, "आजोबा एकटेच गेले होते?"

एकटे नाही, मी होतो बरोबर. स्कूटरवर पुढे पोती, मागे मी बादली आणि कुंचे धरून. चाळीसपैकी अकराच भिंती उरल्या होत्या, बाकीच्यांवर तोवर बनियन आणि सिमेंट चढलं होतं. एका ठिकाणी घरमालकाने विचारलं, कुठल्या कंपनीचं काम? बाबा म्हणाले, घरचंच.

वहीत ती ओळ अशी आहे: "भिंती ११ – पार्टी: स्वतः – बयाणा: नाही – चुना २ पोती – हो."